तिसरीनं माणसं बघायची

बुधवार, ५ मार्च

भावड्या,

आईचा खोकला कसा आहे? नव्या औषधानं आराम पडला का, की अजून उशीला टेकून बसूनच झोपते? वहिनीची कंबर कशी आहे? तिला सांग, ओणवं होऊन केर काढू नकोस. लांब दांड्याचा झाडू मी मुद्दाम तासून पाठवला तो भिंतीला टेकवून ठेवायला नाही. तू रक्तदाबाची गोळी घेतोस ना, की रागावरच भागवतोस? आणि तुझ्या थोरल्याचा गुडघा. प्लास्टर किती दिवसांचं सांगितलंय? वाटी जागेवर बसली का? आत खाजलं तर काटकी घालू देऊ नकोस त्याला. सातवीत हात मोडला होता तेव्हा घातली होती आणि आत पिकलं होतं. दुखत असणार, मला कळतं. कसं कळतं ते तुलाही कळतं, म्हणून जास्त लिहीत नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर लागत नसेल तर वहिनीकडून वाचून घे. चौथीपर्यंतची शाळा, पुढचं सगळं औजारांनी शिकवलं. कानशीनं करवतीला धार येते, पण अक्षराला येत नाही.

तुझा निरोप पोचला की ताई वेळेवर शहाण्यासारखी वागली. वागले खरी. दवाखान्यात फौजदारांनी विचारलं आणि मी सांगितलं, ओंडका घरंगळला. चढावर होता, खाली पाचर लावली नव्हती, आधी मुलीच्या हातावर आला आणि मग थोरल्याच्या गुडघ्यावर. पस्तीस वर्षं कॉलेजची औजारखोली सांभाळते आहे, पण एका फेरीत दोन माणसं नेमकी टिपणारा इतका हुशार ओंडका मी पाहिला नव्हता. फौजदारांनी लिहून घेतला.

तू आमच्या मंडळाला भातुकली म्हणतोस, म्हणून एकदा नीट सांगते. या वनशास्त्राच्या कॉलेजात मुली मुलांच्या बरोबरीनं शिकतात. झाडं, नद्या, खाणी, सगळं. पण नोकरी द्यायची वेळ आली की साहेब लोक विचारतात, रानात एकटी कशी राहशील? सात वर्षांपूर्वी चौघी जणी माझ्या औजारखोलीत येऊन बसल्या, कारण दुसरीकडे कुठे बसू देत नव्हते. तेच हे मंडळ. दर शनिवारी करवत चालवायची, दोरावर चढायचं, मुलाखतीची तयारी करायची, आणि ज्या आधी नोकरीला लागल्या त्यांनी मागच्यांना हात द्यायचा. अकराजणी आज कामावर आहेत. एक नदीचं पाणी मोजते, एक वणवा विझवणाऱ्या तुकडीत आहे. भातुकलीतल्या बाहुल्या वणवा विझवत नसतात, भावड्या.

जिचा हात गेला तिला सगळ्या फूटपट्टी म्हणतात. उंच, सरळ, आणि बोलणंही मोजून. उजव्या हाताची दोन बोटं काढली, तिसरं राहील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा झोपली होती.

आता मुद्द्याचं. प्राचार्यांनी मंडळाला कुलूप लावलंय. एकोणीस तारखेला चौकशी समिती बसणार आहे. माझ्या जबाबावरून त्यांनी ठरवलंय की मुलीनं निष्काळजीपणा केला, पाचर न बघता ओंडक्याजवळ गेली. तो शब्द तिच्या दाखल्यावर चढला की तिला कोणी दारात उभं करणार नाही, आणि मंडळ कायमचं बंद. त्या उतारावरच्या झाडतोडीचा ठेका तुझा आहे. तू दोन ओळी लिहून दे की पाचर लावणं आमच्या माणसांचं काम होतं, मुलीची चूक नव्हती. थोरल्याला काही होत नाही आणि पोरीचंही वाचतं. एवढं करशील ना?

ताई


मंगळवार, ११ मार्च

भावड्या,

उत्तर मिळालं. कागदावर नाही, पण मिळालं.

काल दुपारी साडेबाराला तुझी तीन माणसं आली. दोघांना तू आणि मी चांगले ओळखतो, तिसरा नवा होता, पिवळ्या बुटांचा. फाटकावरच्या रखवालदारानं नाव विचारलं, तर त्याचंच हेल्मेट काढून त्याच्या तोंडावर मारलं. दोन दात वहीवर पडले. मग ते माझ्या खोलीत आले. मंडळ बंद असलं तरी औजारखोली चालू आहे, ते त्यांना ठाऊक होतं. दोर परत करायला गप्पी आली होती. गप्पी म्हणजे त्या दिवशीची दुसरी मुलगी, फूटपट्टीची मैत्रीण. झोपेतही बोलते म्हणून ते नाव.

मला त्यांनी हात लावला नाही. तुझी सक्त ताकीद असावी. मला खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची टेबलाकडे वळवली, म्हणजे मला नीट दिसावं. गप्पीला टेबलावर पालथी दाबली. पिवळ्या बुटांनी भिंतीवरची यंत्रकरवत उतरवली. तिला सकाळीच मी कानस मारून ठेवली होती, भावड्या. एका झटक्यात सुरू झाली. मी सांभाळलेलं औजार कधी दगा देत नाही. त्यानं पातं तिच्या वेणीला लावलं. केस साखळीत गेले आणि डोकं ओढलं गेलं. कानामागची कातडी सालीसारखी सुटली. टेबलावरून रक्त खाली गळत होतं आणि ती पोरगी, जी झोपेतही गप्प बसत नाही, एक शब्द बोलली नाही. सात टाके पडले.

जाताना पिवळा बूट मला नमस्कार करून म्हणाला, "मालक म्हणतात, ताईंनी जबाब दिलाय तो छान आहे. त्यात आता भर नको." आणि करवत पुसून जागेवर टांगून गेला. पद्धतशीर माणूस. कुठून मिळवलास?

पोलिसांना मी काय सांगितलं ते विचारशील. अनोळखी माणसं होती म्हणाले. बघ, अजून तुझी बहीणच आहे मी.

पण मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं ते तरी खोडते. फूटपट्टी झोपलेली नव्हती. मी खोलीत गेले तशी तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिच्या आईनं माझ्या हातातली संत्री घेतली, आभार मानले आणि दार लावून घेतलं. मुली दोघीही पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगताहेत. थोरला आणि त्याच्याबरोबरचे दोघं ओंडका म्हणतात. दोन विरुद्ध तीन. पण फौजदारांनी फूटपट्टीला सांगितलं, "अहो, तुमच्याच मंडळाच्या बाई ओंडका म्हणताहेत." त्या एका वाक्यापुढे त्या पोरींचं काही चालत नाही. 'तुमच्याच बाई.' चार दिवस मी जेवायला बसले की ते ताटात येऊन पडतं.

तू लिही काहीतरी. ती माणसं तू पाठवली नव्हतीस, एवढं जरी लिहिलंस तरी मी विश्वास ठेवीन. मला सवय आहे.

ताई


रविवार, १६ मार्च

भावड्या,

तुझं पत्र नाही, म्हणून आता मीच सगळं लिहिते. तू तिथे नव्हतास. तुला थोरल्यानं जे सांगितलं ते त्यानं सांगितलं. मी काय पाहिलं ते वाच.

रानात जाताना मंडळाचा एक नियम आहे, मीच घालून दिलेला. तिघींनी जायचं. एकीनं काम करायचं. दुसरीनं झाड बघायचं, म्हणजे वरून फांदी येतेय का, ओंडका हलतोय का. आणि तिसरीनं माणसं बघायची. तिच्या गळ्यात शिट्टी. कोणीही येताना दिसलं, अगदी प्राचार्य आले तरी, शिट्टी वाजवायची आणि तिघींनी गाडीकडे पळायचं. कोण आहे ते गाडीत बसल्यावर ओळखायचं. मुली हसायच्या. एकदा गप्पीनं वाट चुकलेल्या गाढवाला बघून शिट्टी मारली होती, मी तिला शाबासकी दिली.

एक तारखेला, शनिवारी, सकाळी दहाला आम्ही तुझ्या ठेक्याच्या उतारावर गेलो. तोडलेल्या झाडांचे बुडखे मोजायचे होते, सरावासाठी. तोडायच्या झाडाला सरकारी हातोड्यानं दोन शिक्के मारतात, एक छातीच्या उंचीवर आणि एक मुळाशी. झाड नेलं तरी मुळाशी असलेला शिक्का बुडख्यावर राहतो. ज्या बुडख्यावर शिक्का नाही ते झाड चोरलेलं. फूटपट्टी हातानं माती बाजूला करून शिक्का शोधत होती, गप्पी वहीत लिहीत होती आणि वरच्या वाटेवर मी उभी होते. त्या दिवशी तिसरी मी होते.

खालून तिघं वर येताना मला लांबूनच दिसले. दोघांच्या खांद्यावर कुऱ्हाडी. शिट्टी माझ्या ओठात होती, छातीत श्वास भरून घेतला होता. मग पुढचा माणूस उन्हात आला आणि तो थोरला होता. मी शिट्टी तोंडातून काढली. मी हसले, भावड्या. तोही हसला. जवळ आल्यावर म्हणाला, "आत्या, डबा आणलायस का?" मी म्हटलं, आहे, हात धुऊन ये. आणि तो माझ्या शेजारून खाली उतरून गेला.

माणसं बघायची होती, मी भाचा बघितला. वहिनी आजारी होती तेव्हा दोन वर्षं माझ्याजवळ वाढला. त्याची नखं मी कापलीत. तो 'माणसं' कसा होईल?

त्यानं गप्पीच्या हातातली वही घेतली आणि किती झाले विचारलं. फूटपट्टीनं मान वर करून सांगितलं, त्रेसष्ट पाहिले, एक्केचाळीसांवर शिक्का नाही. तिच्या आवाजात भीती नव्हती, कारण मी शिट्टी वाजवली नव्हती. शिट्टी वाजली नाही म्हणजे आलेली माणसं आपली. थोरला म्हणाला, "हातानं मोजतेस का?" बाकीच्या दोघांनी तिला गुडघ्यांवर बसवलं आणि तिचा उजवा हात त्याच बुडख्यावर पसरला. त्यानं कुऱ्हाड उलटी धरली, बोथट बाजू खाली. पहिला घाव चुकून सालीवर बसला. दुसरा बोटांवर. ओली काटकी मोडावी तसा आवाज. तिसरा पुन्हा त्याच जागी, आणि चौथा. ती ओरडली ती चौथ्यानंतर. त्याआधी ती माझ्याकडे बघत होती.

मी कशी उतरले आठवत नाही. ओंडक्याला टेकवलेली पहार हातात आली. थोरला पाठमोरा होता. मी बाजूनं त्याच्या गुडघ्यावर घातली, पूर्ण ताकदीनं, चाळीस वर्षं लाकूड फोडलेल्या हातानं. तो पडला. पडताना "आत्या" म्हणाला. आणि मी पहार पुन्हा उचलली. तुला हे कोणी सांगितलेलं नाही. दुसरा घाव डोक्यावर येत होता. गप्पी माझ्या दंडाला लोंबकळली म्हणून तुझा मुलगा आज जिवंत आहे. तीच गप्पी, जिचे टाके अजून ओले आहेत.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. आपल्या घरात कुऱ्हाडही आपलीच आणि दांडाही आपलाच.

दवाखान्याच्या बाकावर तू माझे पाय धरलेस. फोन माझ्या कानाला लावलास, आई एवढंच म्हणाली, "पोरगं आपलं आहे." आणि तू हळूच म्हणालास की ओंडका म्हटलं तर तुझाही घाव झाकला जाईल, ताई. आईला वाटतं मी भाच्याला वाचवलं. मी मलाही वाचवलं. हे लिहायला मला पंधरा दिवस लागले.

तू लहानपणी काच फोडलीस की मी पुढे व्हायची. बाबांचा पट्टा माझ्या पाठीवर आणि तू पलंगाखाली. मला वाटायचं मी भावाला राखते. मी तुला पलंगाखाली राहायला शिकवत होते, बघ. आता तुझ्या मुलालाही तेच शिकवायला निघालो आपण दोघं.

मंगळवारी, अठरा तारखेला, अकरा वाजता मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलणार आहे. समिती दुसऱ्या दिवशी बसते. त्याआधी तू स्वतः थोरल्याला घेऊन ये. आपल्या पायांनी आलेल्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. मी त्याच्या शेजारी बसेन.

ताई


गुरुवार, २० मार्च

भावड्या,

तू आलास, पण सोमवारी आलास आणि एकटा आलास.

त्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू घरी जाऊन आईला काहीतरी वेगळंच सांगितलं असशील. चार वाजले होते. मी औजारखोलीत करवतीच्या साखळीचे दात घासत होते. तू आधी पाणी मागितलंस. मग रडलास. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणालास, "ताई, एकदा म्हण, ओंडका होता." मी म्हटलं, नव्हता. तू उठून दार लावलंस. दोन्ही हात माझ्या गळ्याशी आणलेस. मला वाटलं मिठी मारतोयस. पुन्हा म्हणालास, म्हण. मी म्हटलं, नव्हता. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा माझा आवाज निघत नव्हता, म्हणून मी मान हलवली, आडवी. तुझे अंगठे खोल गेले. पत्र्याच्या छताला भोकं पडावीत तसे उजेडाचे ठिपके दिसायला लागले. माझे पाय जमिनीवरून सुटले, आणि माझे कपडे ओले झाले. जमिनीवर पाणी पसरलेलं बघून तू दचकलास आणि सोडलंस. अठ्ठावन्न वर्षांच्या बहिणीला भावासमोर ही पाळी. मी खाली बसून खोकत होते, तेव्हा तू माझी पडलेली कानस उचलून टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलास. त्याचं मला अजून कळत नाही, कानस का उचललीस ते.

मंगळवारी मी गेले. गळ्याला रुमाल गुंडाळला होता. फौजदारांसमोर बसून सगळं सांगितलं, शिट्टीपासून पहारीपर्यंत. पिवळ्या बुटांचंही सांगितलं. लिहिता लिहिता ते थांबले आणि म्हणाले, "बाई, हे लिहिलं तर तुमच्यावरही गुन्हा नोंदवावा लागेल. आणि आधी खोटं सांगितलंत, त्याचा वेगळा." मी म्हटलं, नोंदवा. दुसऱ्यांदा पहार उचलली होती, तेही लिहा.

मग त्यांनी विचारलं, रुमाल का? उन्हाळा सुरू झालाय. काढा बघू. काढला. ते टेबलावरून पुढे वाकले. अंगठ्यांचे ठसे निळे झालेत, नखांची चंद्रकोरसुद्धा दिसते. हे काय, म्हणाले. भावड्या, उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. फळी लागली. पन्नास वर्षं मी अशीच बोलत आले, विचार करावा लागत नाही. तोंड उघडलं आणि म्हटलं, "माझ्या भावानं आवळला."

त्यांनी ते लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते फार छोटं वाक्य वाटलं.

काल समिती बसली. फूटपट्टीच्या कागदावरचा 'निष्काळजीपणा' खोडला. मंडळाचं कुलूप मात्र तसंच आहे, पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. मुली तोवर मागच्या आवारात पिंपळाखाली जमणार आहेत. पत्ता बदलला, एवढंच.

संध्याकाळी फूटपट्टीकडे गेले. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही शिट्टी वाजवायला हवी होती." मी म्हटलं, हो. ती डाव्या हातानं पेन धरायला शिकते आहे. मेमधल्या वनाधिकाऱ्याच्या परीक्षेत दोरावर चढावं लागतं, ते आता होणार नाही. माझ्या खऱ्या बोलण्यानं तिची बोटं परत आली नाहीत. तिनं मला परत या म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही. मी जाणार.

आता शेवटचं, आणि यासाठीच हे पत्र. पोलीस तुझ्या घरी जाऊन आले, थोरला नाही म्हणून परतले. तू त्यांना म्हणालास, कुठे गेला माहीत नाही. काल फौजदारांनी मला विचारलं, तुम्हाला काही अंदाज? बाबांची नदीपलीकडची लाकडाची वखार आता आपल्या दोघांशिवाय कोणाला आठवत नाही. वर माळा आहे, शिडी आत ओढून घेता येते. मी सांगितलं. शिडीचंही सांगितलं. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तो त्यांना सापडलेला असेल. त्या गुडघ्यावर त्यानं उडी मारू नये, एवढं मी त्यांना हात जोडून सांगितलंय.

सोमवारी कोर्टात मलाही हजर राहायचंय. ते आम्हाला कदाचित एकाच बाकावर बसवतील. तो बोलला तर बोलेन, थुंकला तर पुसेन. उठून जाणार नाही.

आईला औषध वेळेवर दे. तिला माझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव, पण ओंडका सांगू नकोस. आणि पत्र लौकर लिही. शिव्या लिहायच्या असतील तर शिव्या लिही, पानभर लिही, मी वाचीन. फक्त माणसं पाठवू नकोस. तुझ्या स्वतःच्या हातानं लिही.

ताई